पुढे वाढवता येईल असा बोर्ड

ताई,

दारात आलेला प्रत्येक माणूस आधी तोच शब्द बोलतो. सुटल्या. मासळीवाल्या पारूबाईने टोपली पायरीवर टेकवली आणि म्हणाली, "सुटली गो बाय ती. लई सोसलं तिनं." टेलिफोन खात्यातल्या तुमच्या जुन्या मैत्रिणी अलिबागहून आल्या, त्याही डोळे पुसत तेच म्हणाल्या. सुरुवातीला मला या शब्दाचा रागच यायचा. तुम्ही कुठल्या तुरुंगात होतात की काय, असं वाटायचं.

काल मंगळवार होता. पहाटे उठून सवयीने मी तुमची दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. शाल, चष्मा, पाण्याची छोटी बाटली. बाटली भरताना लक्षात आलं. मग मी पुन्हा अंथरुणावर येऊन पडले आणि चक्क झोपले. उन्हं पार ओटीवर आल्यावर उठले. तुम्हालाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर बरं दिसणार नाही. ताई, मीही सुटले. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "मग एवढं तोंड पाडून काय सांगतेस? चहा टाक."

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुम्हाला पहिल्यांदा 'वन्सं' म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "वन्सं नको गं. नथ घालून रुसून बसलेली कुणी बाई वाटते. ताई म्हण." तुमच्या भावाशी लग्न केलं, पण संसारातलं निम्मं बोलणं मी तुमच्याशीच केलं. तो माणूस बोलतो कुठे?

लोक तुमच्याबद्दल बोलतात तेव्हा किडन्यांबद्दल बोलतात. किती वेळा डायलिसिस, किती पथ्य, किती हाल. मला ते नाही बोलायचं. मला आपण कॉम्प्युटर जोडला त्याबद्दल बोलायचंय.

सुरुवात अलिबागच्या डायलिसिसच्या खोलीतच झाली. तुमच्या डाव्या हाताला सुया टोचून झाल्या होत्या, नळ्यांतून रक्त मशीनकडे जात होतं आणि मी शेजारच्या स्टुलावर वाटाणे सोलत होते. तुम्ही मोबाइलमध्ये बघत होतात. एकदम म्हणालात, "सुनंदा, मला विमान चालवायचंय."

मी आधी मशीनवरचा रक्तदाब पाहिला. मध्येच तो उतरला की तुम्ही असंबद्ध बोलायचात. आकडा चांगला होता.

"अशी बघतेस काय? हे बघ." तुम्ही मोबाइल माझ्यापुढे धरलात. कुणी एक आजोबा आपल्या खोलीत बनियनवर बसले होते. हातात दांडा, समोर मोठा स्क्रीन, स्क्रीनवर विमान. खाली खरोखरच्या नद्या, खरोखरचे डोंगर. "कॉम्प्युटरवर चालतं. जग आहे तसं दिसतं. घरातल्या घरात कुठेही जायचं आणि शुक्रवारी डायलिसिसला हजर."

मी वाटाणे सोलायची थांबले. तुमची अंदमानची तिकिटं मला आठवली. खात्यातून निवृत्ती घेतल्यावर मैत्रिणींबरोबर जायचं ठरलं होतं, बॅगही भरून झाली होती आणि त्याच आठवड्यात ते रिपोर्ट आले. मैत्रिणी गेल्या, तुम्ही राहिलात. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी अलिबाग, एवढाच तुमचा प्रवास. आयुष्यात विमानात बसायचं राहिलं ते राहिलंच.

"घेऊ या," मी म्हणाले.

"घ्यायचा नाही. जोडायचा. तयार घेतला तर आपल्याला हवं ते मिळत नाही आणि नको त्याचे पैसे जातात. मी वाचलंय." तुमचं वाचून झालेलं होतं म्हणजे तुम्ही बरेच दिवस हे मनात ठेवून होतात. मला त्या क्षणी तुमचा हेवा वाटला. माझ्या मनात तेव्हा रात्रीच्या भाजीपलीकडे काहीही नव्हतं.

अलिबागला स्टँडच्या मागे मुश्ताकभाईंचं दुकान. मूळ बोर्ली पंचतनचे, मस्कतला कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून परत आलेले. डायलिसिसनंतर तुम्ही थकून पांढऱ्या पडलेल्या असायचात, तरी त्या दिवशी रिक्षा त्यांच्या दारात थांबवलीत. आपल्या दोघींकडे बघून ते म्हणाले, "तयार लॅपटॉप देतो ना, ताई. हलका, मस्त. या उमरीत पार्ट जोडायची कायको झंझट?"

"मुश्ताकभाई, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जन्मभर दुसऱ्यांचे कॉल जोडून दिले. एक स्वतःचा जोडू द्या."

ते हसले आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मग तासभर त्यांनी जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. आधी स्क्रीन ठरवा. स्क्रीन जेवढा मोठा आणि त्यावरचे ठिपके जेवढे बारीक, तेवढं चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला काम जास्त. कार्ड ठरलं की त्याला झेपेल असा प्रोसेसर, आणि दोघांना पुरेल असा पॉवर सप्लाय. "लोक उलटा करतात. पहिला बत्तीवाला डबा घेतात, मग आत घालायला पैसा उरत नाय." आणि आमचं घर खाडीजवळ आहे म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक मेलेला बोर्ड काढून दाखवला. त्याच्या तांब्यावर देवघरातल्या न घासलेल्या पंचपात्रीसारखं हिरवं चढलं होतं. "रेवदंड्याची हवा. मशीन रोज चालू ठेवा. चालू मशीन गरम राहतं, ओल धरत नाय."

"रोज चालवणार," तुम्ही लगेच म्हणालात.

पुढचे दोन-तीन महिने डायलिसिसची ती खोली आपलं ऑफिस झाली. पूर्वी त्या वेळात मी घड्याळ बघायचे, तुम्ही छत बघायचात. आता सुया लागल्या की तुम्ही विचारायचात, "बोल, आज काय?" एक दिवस रॅमचा, एक दिवस पंख्यांचा. तुम्ही ठरवलेल्या रकमेच्या वर जायचं नाही हा तुमचा कायदा होता, त्यामुळे एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कापावं लागे. बत्तीस जीबी रॅम हवी यावर आपलं एकमत झालं, आणि एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या घेतल्या तर मशीन जास्त चपळ होतं हे मी शोधून काढलं तेव्हा तुम्ही सिस्टरला हाक मारून सांगितलंत, "आमच्या सुनंदाने आज कमाल केली." रॅमवर रंगीत दिवे तुम्हाला अजिबात नको होते. "कॉम्प्युटर आहे की नवरात्रातला मंडप?" पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र तुम्ही पै कमी करू दिली नाहीत. एक्स्चेंजमध्ये बॅटरीची खोली सगळ्यांत आधी झाडायची, कारण ती बसली की सगळं गाव मुकं, हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत! समोरच्या खाटेवरचे रोह्याचे काका तर त्यांच्या नातवाला फोन करून पॉवर सप्लायबद्दल बजावायला लागले.

आणि मग बोर्डावरून आपलं भांडण झालं.

ज्याच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड. दोन पर्याय उरले होते. एक जुन्या पिढीचा. चांगला, स्वस्त, पण त्याच्यावर यापुढे निघणारे प्रोसेसर बसणार नव्हते. आज आहे तेच त्याचं शेवटचं. दुसरा नव्या पिढीचा. तो महाग, त्याला लागणारी रॅमही महाग, पण काही वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की मशीन पुन्हा नवं. तुम्हाला जुना हवा होता. वाचलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येत होतं.

"नवाच घ्यायचा," मी म्हणाले. "पुढे वाढवता येईल."

"पुढे कुणासाठी वाढवायचं?"

"तुमच्यासाठी. आणखी कुणासाठी?"

"सुनंदा, मला आत्ताचे ढग नीट दिसायला हवेत. पाच वर्षांनंतरचे ढग घेऊन काय करू?"

मी कळून न कळल्यासारखं केलं. हमी किती वर्षांची, पुढचे प्रोसेसर कधी येणार, असं काहीबाही वाचून दाखवत राहिले. तुम्ही ऐकून घेतलंत. मग सुया नसलेल्या हाताने माझा मोबाइल खाली केलात आणि डायलिसिसच्या मशीनकडे मानेने खूण करून म्हणालात, "मला एक दिवस हे थांबवायचंय. आज नाही. पण मी पुरे म्हणेन तेव्हा तू मध्ये यायचं नाहीस. डॉक्टरांना विचारलंय मी. निर्णय तुमचा, म्हणाले."

तुम्हाला उठून जाता येत नव्हतं आणि मला तुम्हाला सोडून जाता येत नव्हतं. आजूबाजूला सगळे झोपलेले. आपण दोघी कुजबुजत भांडलो. भांडणात आवाज चढवता आला नाही की शब्दच जास्त लागतात.

"असं एकटीनं कसं ठरवता?"

"हात माझा आहे."

"हात तुमचा आहे. मंगळवार-शुक्रवार माझेपण आहेत."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही मी आवाज न करता येऊ दिलं. मशीनने मध्येच टींटीं केलं, सिस्टर आली, नळी सरळ करून गेली. ती गेल्यावर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "घे तुझा नवा बोर्ड. पण त्याच्या बदल्यात माझ्याकडून वचन मागायचं नाही."

"तुम्हीही माझ्याकडून मागायचं नाही."

"बरं."

तर असं काहीच न ठरता तो बोर्ड घरात आला. कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं. त्याबद्दल तुम्ही मला नंतर कधीही टोमणा मारला नाहीत. तुम्ही टोमणे मारायच्या बाबतीत मुळीच हात आखडता घेणाऱ्या नव्हतात, म्हणून हे लिहून ठेवते.

जोडायचं काम जेवणाच्या टेबलावर झालं. तुमच्या सुयांच्या हाताने जोर लावायचा नव्हता, म्हणून हात माझे आणि डोकं तुमचं. तुम्ही भिंग घेऊन पुस्तिका वाचत होतात. "सोनेरी त्रिकोण बघ. बोर्डावरच्या त्रिकोणाला लाव. दाबू नको, नुसता सोड." प्रोसेसर आपला आपण खाली बसला, आणि मी हात मागे घेतला. तुमचा भाऊ दारात उभा राहून बघत होता. "पाटावर गणपती बसवल्यासारखं चाललंय," एवढं म्हणून गेला. त्याच्या मानाने हे भाषणच.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, आणि स्क्रीन काळाच. माझा चेहरा उतरला. वाटलं, काहीतरी जळलं. तुम्ही मात्र कान देऊन पंख्यांचा आवाज ऐकलात. "लाइन आहे, बोलणं नाही. कुठेतरी कनेक्शन ढिलं आहे." आपण एकेक जागा तपासत गेलो. रॅमची एक पट्टी एका बाजूने अर्धवट बसली होती. मी भीतभीत दाबली. "अजून," तुम्ही म्हणालात. "अजून. काही होत नाही, दाब." खट्ट असा आवाज झाला. पुन्हा बटण दाबलं, आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. तुम्ही माझ्या पाठीत अशी थाप मारलीत की डायलिसिससाठी तुमच्या हातात केलेल्या फिस्टुलाची, त्या जोडलेल्या शिरेची, काळजी मलाच करावी लागली.

पहिलं उड्डाण तुम्ही मुंबईहून केलंत आणि समुद्राच्या कडेने दक्षिणेला आलात. मांडवा, अलिबाग, मग आपली खाडी. पूल ओळखला, समोरचा कोर्लईचा डोंगर ओळखला. तुम्ही विमान खाली आणलंत, गल्ली सापडली, आणि आपल्या घराच्या जागी तीन मजली इमारत! तुम्ही इतक्या हसलात की विमान कलंडलं. "परवानगी न घेता दोन मजले चढवलेत गं! ग्रामपंचायतीत कळलं तर?" हसण्याच्या नादात विमान खाडीत गेलं. तुम्ही म्हणालात, "चला, पोहता येतं मला."

मग तुम्ही अंदमानला गेलात. चेन्नईहून निघालात, आणि खाली पाणी, नुसतं पाणी. मी भाजी निवडत शेजारी बसले होते. मला कंटाळा आला. "ताई, यात विमान पुढे ढकलायची सोय आहे. एकदम तिथेच पोहोचता येईल."

"बाकीचे प्रवासी पुढे ढकलतात का? बस गप. खिडकी दिलीय तुला."

आणि मी बसले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा उठले, गॅस बंद केला, परत येऊन बसले. शेवटी ढगांच्या खाली हिरवी बेटं दिसायला लागली. तुम्ही दांडा हळूच पुढे रेटलात. विमान धावपट्टीवर दोनदा उसळलं आणि थांबलं. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "कार्ड वरचं असतं तर पाणी अजून निळं दिसलं असतं." तो एकच टोमणा. मघाशी लिहिलं ते खोडत नाही, हा धरायचा नाही असं मी ठरवलंय.

त्यानंतर सव्वा वर्ष तुम्ही हिंडलात. डायलिसिसच्या दिवशी मशीन नुसतं चालू ठेवायचं, उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी. पूर्वी त्या सकाळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. बोर्डावरच्या रॅमच्या दोन खाचा रिकाम्याच राहिल्या. प्रोसेसर बदलायची वेळ आली नाही. तुमचा हिशोब बरोबर ठरला, ताई. पण मी पुढचं घ्यायचा हट्ट केला, तोही मला आज चुकीचा वाटत नाही.

गेल्या महिन्यात रिक्षातून अलिबागला जाताना, नागावच्या जवळपास, तुम्ही म्हणालात, "सुनंदा, आपलं ते बोलणं राहिलंय."

मला लगेच समजलं. अलीकडे तुम्ही फार थकत होतात, सुयांना जागा सापडत नव्हती. मी म्हणाले, "आज नको, ताई."

"बरं. आज नको." तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि आपण दोघी बाहेरच्या वाड्यांकडे बघत राहिलो. पुन्हा तो विषय निघाला नाही.

आणि मग त्या दुपारी तुम्ही जेवलात, थोडं आडवं होते म्हणालात, आणि चहाला हाक मारायला आले तर तुम्ही गेलेल्या होतात. चेहऱ्यावर काही नाही. कुशीवर, हात गालाखाली. आपल्या बिछान्यात, आपल्या उशीवर. डायलिसिसच्या त्या खोलीत नाही, मशीनच्या टींटींमध्ये नाही.

तुम्ही पुरे म्हणाला असतात तर मी काय केलं असतं? मला खरंच माहीत नाही. मी हो म्हटलं असतं तर जन्मभर टोचलं असतं, नाही म्हटलं असतं तर त्याहून जास्त. आपल्या त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. तुम्हाला ते शब्द उच्चारावे लागले नाहीत, मला उत्तर द्यावं लागलं नाही. दिवस झाले, माणसं पांगली, आणि छातीवरचं जे ओझं उतरलं ते हेच होतं, हे आता मला कळतंय. शोक आहे, तो राहील. भीती मात्र गेली.

मुश्ताकभाई परवा भेटायला आले. ओटीवर बसले, टोपी हातात फिरवत राहिले. मग विचारलं, "मशीन कसं चालतंय?" मी चांगलं चालतंय म्हटलं. ते म्हणाले, "अल्लानं आसानी केली त्यांच्यासाठी. आणि सुनंदाताई, मशीन बंद ठेवू नका हां."

त्यांना मी सांगितलं नाही, पण मशीन तेव्हाही चालूच होतं. त्या दिवशी सकाळी तुम्ही लावलंत, मग गर्दी, रडारड, सगळं उरकणं, यात कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमची खोली झाडायला गेले तेव्हा पंख्यांचा बारीक आवाज ऐकू आला. स्क्रीन काळा. मी उंबऱ्यातच थांबले. वाटलं, तुम्ही मध्येच उठून जेवायला आलेल्या असणार, आणि ते विमान कुठेतरी हवेत तसंच लटकलेलं असेल. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी दार लोटून घेतलं, आणि मुश्ताकभाई येऊन जाईपर्यंत उघडलं नाही.

ते गेल्यावर मी आत गेले. खुर्चीत बसले, माउस हलवला.

एक छोटी धावपट्टी होती. कुठल्या देशातली, मला ओळखता आली नाही. कडेला उंच गवत, पलीकडे डोंगर, ऊन छान पडलेलं. विमान धावपट्टीच्या बाजूला घेऊन नीट उभं केलं होतं. ब्रेक लावलेला. इंजिन बंद.

तुम्ही उतरून मगच जेवायला आला होतात.

मी तिथेच बसून मोकळेपणाने रडले. तुमचा भाऊ दारात आला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "पोहोचली का ती?"

"पोहोचल्या," मी म्हणाले.

तुमची,
सुनंदा